पाईप पुरा होईपर्यंत

११ जानेवारी

क्रेस्टेन आज पेस्ट्र्यांचा खोका घेऊन आला. क्रेस्टेन आमच्या योर्टलुंडच्या उष्णता सहकारी संस्थेचा, म्हणजे घराघरांत पाईपाने गरम पाणी पुरवणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष. इतक्या वर्षांत त्याने आमच्या घरी काही आणल्याचं मला आठवत नाही. आमच्या घरातून शिडी तेवढी नेली आहे. खोका माझ्या हातात देऊन "कॉफीबरोबर घे, डाग्नी," म्हणाला आणि थेट एस्किलच्या खोलीत शिरून त्याने दार लावून घेतलं.

मी बंदरावर कस्टममध्ये आहे. बोटीतून उतरणारा माणूस आपणहून बॅग उघडून दाखवायला लागला की मी त्याची दुसरी बॅग बघते. आज दुसरी बॅग बंद दाराआड होती आणि मी पेस्ट्री खात उभी. आतून एकदा हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ हळू आवाजात बोलणं. मी कॉफी घेऊन आत गेले तर दोघंही हवामानावर बोलत होते. जानेवारीत आमच्याकडे हवामान नसतं, नुसता अंधार असतो.

म्हणून ही वही. मनातल्या मनात ठेवलेल्या संशयाला किरकिर म्हणतात. तारीख घालून लिहिला की तीच चौकशी होते.

एस्किल माझा नवरा. चर्चमध्ये आणि दाहिनीच्या प्रार्थनागृहात ऑर्गन वाजवायचा. सध्या रजेवर आहे. फुप्फुसांनी संप पुकारलाय, नाकात नळी आहे, पायाशी ऑक्सिजनचं यंत्र. यंत्र दिवसरात्र घरघरतं. पूर्वी एस्किल स्वतः घोरायचा, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत घरात फारसा फरक पडलेला नाही.

१४ जानेवारी

पेस्ट्रीचा अर्थ लागला. आज संचालक मंडळाची बैठक होती. मी मंडळात आहे, कारण कुणीतरी नाही म्हणणारं लागतं.

संस्थेने गॅस जाळणं कमी करायचं ठरवल्यापासून क्रेस्टेन गावात कुठे काही कोमट दिसलं की हात लावून बघतो. डेअरीचं गरम पाणी त्याने पाईपात घेतलं. सुपरमार्केटच्या फ्रिजांच्या पाठीमागची ऊब घेतली. संगणकांचं ते मोठं गोदाम आहे हमरस्त्यापाशी, त्याचीही घेतली. आम्ही गेली काही वर्षं गोठवलेल्या वाटाण्यांच्या उष्णतेने अंघोळ करतो आणि कुणाची तक्रार नाही. आता क्रेस्टेनचा हात दाहिनीच्या धुराड्यापर्यंत पोचलाय.

दाहिनीचा धूर गाळणीत सोडण्याआधी थंड करावा लागतो. आजवर छतावरचे पंखे ते करायचे, सगळी उष्णता आकाशात. पंखे आता मोडीत निघालेत. दाहिनी चर्चच्या समितीची. समितीचं म्हणणं असं, की संस्थेने नाताळच्या आत पाईप जोडून उष्णता घ्यावी, नाहीतर नवे पंखे घेण्याऐवजी दाहिनीच बंद. मग योर्टलुंडची मढी महामार्गाने शहरात जातील आणि तिथे रांगेत थांबतील.

"ती माणसं आहेत, क्रेस्टेन," मी म्हटलं. "चीजचं पाणी नव्हे."

"उष्णतेवर कुणाचं नाव नसतं, डाग्नी."

"नाव नसलेलं सामान मी बंदरावर जप्त करते."

सगळे हसले. हसून झाल्यावर प्रस्ताव मार्चच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचं ठरलं. मी एकटी विरोधात. क्रेस्टेनला संचालकांची मतं होती, तरी तो माझ्या आजारी नवऱ्याकडे कशाला येतो?

२३ जानेवारी

एस्किलचे हात बिघडत चाललेत. आज गुरुवार. गुरुवारी दुपारी सोल्वाय येते. ती दाहिनी चालवते, चाळिशीची, रुंद खांद्यांची, हसरी बाई. त्या कामाला इतकं हसरं माणूस लागत नाही. ती आली की दार बंद, आणि थोड्या वेळाने पियानो. एकच भजन, पुन्हा पुन्हा, आणि चौथ्या ओळीत दर वेळी तीच चूक. हा माणूस ते भजन झोपेत वाजवायचा. आज एकाच हाताने वाजवत होता, दुसरा हात मागून चाचपडत यायचा.

तिच्यासमोर तो चुका करतो आणि तिला चालतं, हे मला आवडलेलं नाही.

२ फेब्रुवारी

तळलेलं डुकराचं मांस, बटाटे, पार्सलीचा पांढरा सॉस. त्याच्या आवडीचं. तीन घास खाऊन काटा खाली ठेवला.

"मला इथेच जायचंय," म्हणाला.

"कुठे?"

"आपल्या दाहिनीत. त्या महामार्गावर मला जन्मभर गाडी लागली. शेवटचा प्रवास तरी तसा नको."

"बटाटे घे."

"त्या प्रार्थनागृहात मी हातमोज्यांची बोटं कापून वाजवलं, डाग्नी. भिंतीपलीकडे भट्टी, अलीकडे माझा श्वास दिसतोय, आणि ऊब कुणाला, तर कावळ्यांना! मी गेलो की ती पाईपातून जाऊ दे. कुणाचे तरी पाय शेकतील."

"बटाटे गार होतायत."

"मी बोलतोय."

"मीही बोलतेय. बटाटे घे."

त्याने एक बटाटा घेतला. कुणाचे तरी पाय शेकतील, हे वाक्य एस्किलचं नाही. हे क्रेस्टेनने त्याच्या तोंडात घातलंय. सभेत एक नळी लावलेला, सगळ्यांचा लाडका ऑर्गनवादक उभा करायचा आणि मतं गोळा करायची. पेस्ट्र्या त्यासाठी होत्या.

आणि हे 'मी गेलो की' काय आहे? डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केलीय, एवढंच.

१० फेब्रुवारी

शेजारच्या गोर्मने आज कुंपणापाशी गाठलं. गोर्म खाटीक आहे, मांसाबद्दल बोलायचा त्याला अधिकार आहे असं तो समजतो.

"माझ्या सासूने हयातीत मला कधी ऊब दिली नाही," म्हणाला. "मेल्यावर तिच्याकडून घेऊ होय? मी आपला विरोधात."

"सासू तर अजून जिवंत आहे तुझी."

"म्हणून तर आत्ताच ठरवून टाकतोय!"

मला मित्रपक्ष मिळालाय, पण अशा मित्रपक्षाबरोबर फोटो काढून घ्यावासा वाटत नाही. गोर्म म्हणतो, अर्धी गल्ली विरोधात आहे. अर्धी गल्ली मला म्हणाली की ती बाजूने आहे. कोण कुणाला काय सांगतंय याचा हिशोब लागत नाही. फक्त एस्किल सगळ्यांना एकच सांगतो, आणि नेमकं तेच मला ऐकायचं नाही.

२० फेब्रुवारी

आज दार उघडलं. निमित्त कॉफीचं होतं, पण मी कप घ्यायलाही विसरले.

पियानोवर सोल्वाय बसली होती. एस्किल आरामखुर्चीत, हातातल्या पेन्सिलने ताल देत होता. चौथी ओळ आली, चूक आली, आणि तिने मला बघितलं. कानापर्यंत लाल झाली.

"म्हणजे गुरुवारी ते..."

"ते मी," ती म्हणाली. "माफ कर गं. फार वाईट वाजवते."

मी गेल्या आठवड्यात त्याच्या हातांबद्दल डॉक्टरांना फोन केला होता. त्यांनी मेंदूच्या तपासणीची वेळ घेऊन ठेवलीय. ती आता कशी रद्द करायची?

"शिकतेयस कशासाठी?"

सोल्वायने एस्किलकडे बघितलं. एस्किल म्हणाला, "प्रार्थनागृहाला कुणीतरी लागेल."

"तू रजेवर आहेस. राजीनामा नाही दिलेला."

"हो."

"आणि एकाच भजनावर कुणी ऑर्गनवादक होतं का?"

"सध्या एकच पुरे," एस्किल म्हणाला.

सोल्वाय आपल्या बुटांकडे बघत राहिली. तिचे हात उघड झाले, पण हेतू नाही. एकच भजन, तेही ह्याच्या आवडीचं, तेही एवढ्या घाईने. यात काहीतरी आहे. मी ते शोधून काढायला घेणार होते, पण जेवणाची वेळ झाली.

२५ मार्च

सर्वसाधारण सभा. क्रीडागृह गच्च भरलेलं. एरवी लोक सभेनंतरच्या सँडविच आणि बिअरसाठी येतात, आज सभेसाठीही आले होते. आधी नेहमीसारखं गाणं, वसंत आला वगैरे. बाहेर गारा पडत होत्या.

एस्किल आला! मला न सांगता, क्रेस्टेनच्या गाडीतून, मांडीवर ऑक्सिजनची छोटी टाकी घेऊन. मी क्रेस्टेनकडे असं बघितलं की त्याने चष्मा पुसायला काढला.

गोर्मने सासूचा विनोद केला. सासू तिसऱ्या रांगेत होती. तिने त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. मग सोल्वायने समजावून सांगितलं. राख वेगळी राहते, धूर वेगळा राहतो, पाईपात फक्त तुमचंच पाणी गरम होऊन परत येतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेक उष्णता भट्टीच्या बर्नरची असते, माणसाची अगदी थोडी.

"थोडी का होईना," एस्किल जागेवरच उभा राहून म्हणाला, "माझी धरा." पुढे बोलायला श्वास पुरला नाही. तो खाली बसला.

क्रेस्टेन म्हणाला, हात वर करून मत घेऊ. मी लोकांकडे बघितलं. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघत होता. नळी लावलेल्या माणसासमोर त्याच्या विरोधात कोण हात वर करील? हाच तो डाव! मी उठले आणि लेखी मतदान मागितलं. एका सभासदाने मागितलं तरी द्यावं लागतं. क्रेस्टेनचा चेहरा उतरला. मला वाटलं, सापडला.

चिठ्ठ्या वाटल्या, गोळा केल्या, मोजल्या. प्रस्ताव मंजूर. विरोधातल्या एका चिठ्ठीमागे बाजूच्या तीन.

सँडविचच्या रांगेत बेकरीवाल्याची विधवा माझ्या दंडाला धरून म्हणाली, "फार चांगलं केलंस गं. हात वर करायचा असता तर माझा उठला नसता. शेजारी नणंद बसली होती. भावाला जाळून पाणी तापवतेस का, म्हणाली असती." तिच्या मागे आणखी दोघंतिघं माना हलवत होते. गोर्म तीन सँडविच खाऊन शीळ घालत होता. हरलेला माणूस शीळ घालत नाही. क्रेस्टेनला हात हवे होते कारण त्याला आपल्या माणसांची ओळख नाही. मला चिठ्ठ्या हव्या होत्या त्याच कारणाने.

गाडीत एस्किल माझा हात थोपटून म्हणाला, "थँक यू, डाग्नी." मी खिडकीबाहेर बघत बसले. गाडी मीच चालवत होते, त्यामुळे ते फार वेळ जमलं नाही.

९ एप्रिल

डॉक्टरांकडे. त्यांनी आधी फुप्फुसांची चित्रं बघितली, मग खिडकी, मग आम्हाला.

"उन्हाळा बघू," म्हणाले.

"बघू काय?" मी विचारलं. "उन्हाळा येतोच."

एस्किल हसला. "डॉक्टर, पाईप पुरा होईपर्यंत मी कुठे जात नाही. मी तसं ठरवलंय."

"कधी होतोय पुरा?"

"क्रेस्टेन म्हणतो सप्टेंबर."

डॉक्टरांनी मान डोलावली. सप्टेंबर म्हटल्यावर त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मला नाही वाटलं.

३ जून

दफनभूमीच्या कडेने चर खणायला सुरुवात झाली. एस्किलला चाकाच्या खुर्चीतून रोज दुपारी तिथे न्यावं लागतं. मजुरांना नावाने हाका मारतो. ते त्याला 'साहेब' म्हणतात, चेष्टेने आणि प्रेमाने. काम फारच वेगाने चाललंय. सरकारी वा सहकारी काम इतक्या वेगाने होताना मी कधी बघितलं नाही. कुणाला एवढी घाई आहे?

१२ जून

मला अलीकडे प्राचीन इतिहासाची गोडी लागलीय. गावाची ती बाजू उंचवट्यावर आहे, खाली ओढा. कुणीही सांगेल, लोहयुगातली माणसं अशाच जागा बघून राहायची. जमिनीत काही सापडलं तर काम थांबवावं लागतं, कायदाच आहे. मी संग्रहालयाला फोन करून फक्त एवढंच विचारलं, की तुमचं कुणी बघून गेलंय का. नागरिक म्हणून माझं कर्तव्य होतं.

१७ जून

संग्रहालयातली बाई थापी आणि ब्रश घेऊन आली आणि दुपारपर्यंत आनंदाने वेडी झाली. चराच्या वळणावर काळे खड्डे निघाले, फुटक्या दगडांनी आणि मडक्यांच्या तुकड्यांनी भरलेले. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इथे दगड तापवून खड्ड्यात टाकले आणि वर मांस ठेवून मातीने झाकलं. काम थांबलं.

"बघ," एस्किल खुर्चीतून वाकून म्हणाला, "तेव्हाही इथे उष्णता वाया घालवत नव्हते."

तो खूष झाला, हे मला अनपेक्षित होतं. जेवलाही नीट. आठवडे जातील, बाई म्हणाली. मी तिला रोज केक नेऊन देणार आहे.

२९ जुलै

खड्डे संपले. बाईने खोकी भरली, आभार मानले, गेली. सोमवारपासून पुन्हा काम सुरू होणार होतं. पण दफनभूमीच्या फाटकापाशी जी लिंडनची जुनी झाडं आहेत, त्यातलं एक चरासाठी तोडायचंय, आणि त्याच्या ढोलीत वटवाघळं असू शकतात. वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे. मला त्यांच्याबद्दल पहिल्यापासून आस्था आहे. निदान मागच्या आठवड्यापासून. लेखी हरकत नोंदवली.

एस्किल आता खोलीतून बाहेर क्वचित येतो. गुरुवारी सोल्वाय वाजवते तेव्हा मी दार उघडं ठेवायला सांगते. चौथी ओळ सुधारलीय.

२१ ऑगस्ट

क्रेस्टेन आला. रिकाम्या हाताने, म्हणजे खरं बोलायला आला असणार. ओट्याशी उभा राहिला, बसला नाही.

"आधी मडकी, आता वटवाघळं. पुढे काय, बेडूक?"

"बेडूक आहेत का तिथे?"

"डाग्नी, तू मतदानात हरलीस. हरतात माणसं. मी शाळेच्या निवडणुकीत दोनदा हरलो. पण असा सूड?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तुझा नवरा आत झोपलाय. त्याला काय हवंय ते साऱ्या गावाला माहीत आहे. आणि तू..." त्याचा आवाज चिरका झाला. डेअरीत जन्म घालवलेला हा माणूस असा बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. "ठेकेदार म्हणतो, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जागा मिळाली नाही तर तो दुसऱ्या कामावर जाणार. मग वसंतातच. आणि चर्च नाताळनंतर एक दिवस थांबणार नाही. दाहिनीला कुलूप. कळतंय ना तुला?"

"वसंत काही वाईट ऋतू नाही," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी खोट्या कप्प्याच्या बॅगेकडे बघते. मग टोपी घालून गेला. सूड म्हणतो! म्हणू दे. त्याला तसं वाटलेलं सोयीचं आहे.

८ सप्टेंबर

सप्टेंबर आला. पाईप नाही. एस्किल आहे. सरळ हिशोब आहे, पण कुणाला सांगण्यासारखा नाही.

३० सप्टेंबर

वाईट आठवडा. दोन दिवस रुग्णालयात होता. घरी आला तो सोफ्यावरच्या उशीएवढा हलका. ऊन होतं म्हणून त्याला बागेत बसवलं, दोन घोंगड्यांत. मी शेजारी सफरचंद सोलत होते.

"अजून मतदानाचा राग आहे का गं?" त्याने विचारलं.

"हो."

"मला वाटलंच." थोडा वेळ श्वास गोळा करत बसला. "एक विचारू? समजा दाहिनी बंद झाली. मग ती गाडी येईल ना शहराकडे न्यायला. तू ड्रायव्हरच्या शेजारी बसशील?"

"काहीतरी बोलू नकोस."

"आणि त्याला सांग, पुलापाशी जरा थांब. मला तिथे नेहमी उलटी होते."

तो थट्टा करत होता. मी सफरचंदाची साल एकसंध काढत होते, ती मध्येच तुटली. एवढीशी गोष्ट. पुलापाशी मी दर वेळी थांबायचे, पाण्याची बाटली द्यायचे, तो रस्त्याच्या कडेला वाकलेला असायचा आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून गाड्या मोजायचे. त्या गाडीत मागे कोण हात ठेवणार?

"थांबायला सांगेन," मी म्हटलं.

"छान," म्हणाला, आणि झोपला.

१ ऑक्टोबर

हरकत मागे घेतली. वटवाघळं शेजारच्या झाडात राहतात, असं चौकशीअंती कळलं, असं कळवलं. क्रेस्टेनने फोन केला. "काय झालं एकदम?" मी म्हटलं, तत्त्व पूर्ण झालं. मग म्हणाला, "शिडी उद्या आणून देतो." हा माणूस आता कशासाठी गोड वागतोय, ते बघावं लागेल.

दुपारी चराच्या कडेला जाऊन उभी राहिले. मजूर पुन्हा कामाला लागलेत. पाईप काळे आणि जाड आहेत, माझ्या मांडीएवढे, दोन-दोन शेजारी शेजारी झोपवलेले. एकातून गरम जातं, दुसऱ्यातून गार परत येतं. त्यांना मी माझ्या हाताने वाट मोकळी करून दिली. दर संध्याकाळी एक तुकडा पुढे सरकतो आणि मी घरी येऊन त्याच्या खोलीचं दार हळूच ढकलून बघते.

२९ नोव्हेंबर

पाईप पुरा झाला.

उद्घाटन दाहिनीच्या प्रार्थनागृहात. झेंडा, कॉफी, गावची अर्धी मंडळी. गोर्म इस्त्रीचा सदरा घालून आलेला आणि सगळ्यांना सांगत होता की आपण सुरुवातीपासून बाजूने होतो. भिंतींवर नवे रेडिएटर. कोट काढून बसलेली माणसं त्या जागेत मी प्रथमच बघितली.

झडप उघडायला एस्किलला पुढे नेलं. झडपेचं चाक त्याच्याने फिरेना. क्रेस्टेनने त्याच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून फिरवलं. पाईपात एक लांब सुस्कारा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, मी त्याच्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काम आटोपलेल्या माणसाचं समाधान. मला ते बिलकूल आवडलं नाही.

मग त्याने ऑर्गनपाशी न्यायला सांगितलं आणि उघड्या बोटांनी वाजवलं, छोटंसं, नाचाचं काहीतरी. पाद्री गोंधळला. सोल्वाय रडत होती आणि हसत होती, तिला दोन्ही एकदम जमतं.

घरी आणून झोपवलं तर म्हणाला, "झालं बाई एकदाचं." मी विचारलं, "म्हणजे?" तर झोपलेला.

३० नोव्हेंबर

रात्रीबद्दल काही लिहिण्यासारखं नाही. यंत्र चालू होतं, मी त्याच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते, खुर्ची अवघड आहे.

उजाडलं तेव्हा आत गेले. हळूच. पलंगावर तो उशीला टेकून बसलेला होता.

"अंघोळीचं पाणी जरा कोमट लागलं," म्हणाला. "काल झोपवताना तू अंग पुसलंस ना, तेव्हाचं म्हणतोय. क्रेस्टेनला सांग, एवढं खणून हे पाणी?"

माझ्या तोंडून निघून गेलं. "तू इथेच?"

"मग कुठे असणार?"

"तू डॉक्टरांना म्हणाला होतास. पाईप पुरा होईपर्यंत."

त्याने माझ्याकडे बघितलं. यंत्राने तेवढ्यात पुष्कळ श्वास घेतले. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू चढत गेलं.

"डाग्नी," म्हणाला, "ती वटवाघळं..."

मी पडदा नीट करायला वळले.

"आणि ती मडकी!" तो हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले, थांबेपर्यंत. पाठ गरम होती, हाडं सगळी हाताला लागत होती. त्याने माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. "अगं, डॉक्टरांचा चेहरा इतका पडला होता. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो मी."

"मग आता," मी विचारलं, "आता कशाची वाट बघतोयस?"

त्याने विचार केला. "हेरिंगची. कांदा घालून. राय ब्रेडवर."

स्वयंपाकघरात गेले. हेरिंगची बरणी भरलेली होती. मी अर्धा तुकडा ब्रेडवर ठेवला आणि बरणी फडताळात मागे सारली.

"एवढंच?" तो म्हणाला.

"उरलेलं उद्या," मी म्हटलं.